सोशल अँग्झायटी आणि सीबीटी: पुण्यात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात समुपदेशन करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये चारचौघांची भीती, म्हणजे सोशल अँग्झायटी, असलेले खूप जण असतात. एमपीएससीच्या मुलाखतीला घाबरलेली सदाशिव पेठेतली मुलं, हिंजवडीतल्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसणारे, लग्नात उखाणा घ्यावा लागेल म्हणून आजारी पडल्याचं सांगणाऱ्या सुना, असे सगळे. यावर मी सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, ही विचार आणि वागणं यांवर काम करणारी उपचारपद्धती वापरते. प्रश्न बहुतेक तेच तेच येतात म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. उदाहरणांमधले तपशील बदललेले आहेत, कोणा एकाची गोष्ट नाही.

हा नुसता लाजाळूपणा आहे की खरंच आजार?

लाजाळू माणूस नवीन लोकांत सुरुवातीला गप्प बसतो आणि अर्ध्या तासात रुळतो, त्यात उपचार करण्यासारखं काही नाही. एकटं राहायला आवडणारा माणूसही आजारी नसतो. सोशल अँग्झायटीत माणसाला लोकांत मिसळायचं असतं पण "मी काहीतरी वेडंवाकडं बोलेन, हात थरथरेल, सगळ्यांना कळेल आणि मग माझी किंमत शून्य" ही भीती इतकी असते की तो टाळायला लागतो, आणि टाळता आलं नाही तर जीव मुठीत धरून बसतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० पासून याची वेगळी नोंद आहे, आणि निदान करताना साधारण ६ महिने किंवा जास्त काळ हे चालू आहे का ते बघतात. बहुतेकांचं सुरू होतं शाळेत असतानाच, म्हणून खूप जणांना वाटतं की आपला स्वभावच असा आहे.

मी एवढंच विचारते की या भीतीपायी तुम्ही काय काय सोडलंय. प्रमोशन नाकारलं? तोंडी परीक्षा असलेला विषय टाळला? मित्राच्या लग्नाला गेला नाहीत? यादी लांब असेल तर नाव काही का असेना, मदत घ्या.

सीबीटी म्हणजे पॉझिटिव्ह विचार करायला शिकवतात ना?

नाही, आणि हा गैरसमज मला मनापासून खटकतो कारण त्यामुळे लोक दोन सेशन करून सोडून देतात. आरशासमोर उभं राहून "मी छान आहे" म्हणायचं असं यात काही नसतं. सीबीटी ही अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात डिप्रेशनवर काम करताना मांडलेल्या पद्धतीतून वाढली, आणि सोशल अँग्झायटीसाठी १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक आराखडा मांडला, मी मुख्यतः त्यावरच काम करते.

आराखडा असा की चार लोकांत गेल्यावर तुमचं सगळं लक्ष बाहेरून आत वळतं. समोरचा काय बोलतोय यापेक्षा आपला आवाज कसा येतोय, कान लाल झाले का, हे तपासणं सुरू होतं. मग आतून जे जाणवतं त्यावरून आपण कसे दिसतोय याचं एक चित्र डोक्यात तयार होतं, घामाघूम, थरथरणारा, बावळट, आणि ते चित्रच खरं धरलं जातं. समोरच्याला प्रत्यक्षात काय दिसतंय ते बघायची संधीच मिळत नाही कारण डोळे खाली असतात. सीबीटीत हे चित्र खरं आहे का ते प्रत्यक्ष तपासतात. वाद घालून नाही, करून बघून.

मी तर रोज बसने जातो, ऑफिस करतो, लोकांतच असतो. भीती सामना करून जाते म्हणतात, मग माझी का जात नाही?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे नीट वाचा.

तुम्ही लोकांत जाता खरे, पण बचावाच्या युक्त्या घेऊन जाता. थेरपीच्या भाषेत त्यांना सेफ्टी बिहेवियर म्हणतात. मोबाईलमध्ये डोकं घालून बसणं, कानात इअरफोन, कोपऱ्यातली खुर्ची, प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी मनात तीनदा घोळवणं, भरभर बोलून मोकळं होणं, समोरच्याला प्रश्न विचारत राहणं म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही, घाम दिसू नये म्हणून मे महिन्यात जॅकेट, बँकेत सही करताना कोणी बघू नये म्हणून फॉर्म घरूनच भरून नेणं, मैत्रिणीला सोबत घेतल्याशिवाय कुठे न जाणं. प्रत्येकाची यादी वेगळी असते आणि बऱ्याचदा त्या माणसाला स्वतःला माहीतही नसतं की आपण हे करतोय, तो म्हणतो अहो ही तर माझी सवय आहे.

या युक्त्यांनी तीन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे काही वाईट घडलं नाही की श्रेय युक्तीला जातं, "जॅकेट होतं म्हणून वाचलो", आणि जॅकेट नसतं तरी काही झालं नसतं हे कधीच कळत नाही, वीस वर्षं रोज लोकांत जाऊनसुद्धा. दुसरं, युक्ती सांभाळायला लक्ष लागतं आणि ते परत आतच वळतं, वाक्य घोळवण्याच्या नादात समोरचा काय म्हणाला तेच ऐकू येत नाही, मग खरंच काहीतरी विसंगत बोललं जातं. तिसरं सगळ्यात वाईट, काही युक्त्यांमुळे ज्याची भीती आहे तेच घडतं. हात थरथरू नये म्हणून पंगतीत पाण्याचा जग घट्ट आवळून धरला की हात जास्त थरथरतो. आणि जो माणूस नजर देत नाही, स्वतःबद्दल काही सांगत नाही, तो लोकांना घाबरलेला वाटत नाही, शिष्ट वाटतो. लोक मग लांब राहतात आणि याला वाटतं, बघा, मी कोणाला आवडतच नाही.

म्हणून थेरपीत नुसतं "जा, लोकांत मिसळ" सांगून उपयोग नसतो. युक्ती सोडून जायचं, आणि काय होतं ते डोळे उघडे ठेवून बघायचं.

सेशनमध्ये नेमकं काय करतात?

सुरुवातीला एखादा ताजा प्रसंग घेऊन कागदावर तुमचं चक्र काढतात: काय वाटलं, लक्ष कुठे होतं, डोक्यात चित्र काय होतं, कोणत्या युक्त्या वापरल्या. मग क्लिनिकमध्येच एक प्रयोग होतो. एका अनोळखी माणसाशी दोनदा पाच पाच मिनिटं गप्पा मारायच्या, पहिल्यांदा सगळ्या युक्त्या वापरून आणि स्वतःवर पहारा ठेवून, दुसऱ्यांदा युक्त्या सोडून आणि लक्ष समोरच्यावर ठेवून. दोन्ही वेळा किती भीती वाटली आणि आपण कसे वाटलो असू याला ० ते १०० आकडा द्यायचा. बहुतेकांना दुसरी खेप सोपी गेलेली असते आणि हे त्यांना स्वतःलाच अनपेक्षित असतं.

याचा व्हिडिओही काढतात. बघायच्या आधी मात्र सांगायचं की त्यात काय दिसेल. एक मुलगा ठाम होता की त्याचा उजवा हात सबंध वेळ हलताना दिसेल, मी म्हटलं किती हलेल ते करून दाखव, त्याने टेबलावर हात ठेवून चांगला दोन बोटं वरखाली हलवून दाखवला. मग व्हिडिओ लावला. तो स्क्रीनच्या इतका जवळ गेला, पुन्हा मागे घेऊन बघितलं, पुन्हा बघितलं. हात पेन धरून शांत होता, एकदा फक्त पेनाचं टोपण वाजलं. आतून जी थरथर भूकंपाएवढी वाटत होती ती बाहेर पोचलीच नव्हती. हे मी शंभरदा समजावून सांगितलं असतं तरी त्याला पटलं नसतं.

अजून एक, मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे सर्व्हे. "बोलताना एखाद्याचा चेहरा लाल झाला तर तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटतं?" असे तीन चार प्रश्न लिहून थेरपिस्ट आपल्या ओळखीच्या लोकांना पाठवतो, नाव न घेता उत्तरं येतात. बहुतेक जण लिहितात की लक्षातच येत नाही, किंवा उकडत असेल असं वाटतं, किंवा मलाही होतं. स्वतः ती उत्तरं वाचणं फार वेगळं असतं.

ब्रिटनमधल्या नाइस या, कोणते उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार या पद्धतीची सुमारे १४ सेशन, प्रत्येकी ९० मिनिटांची, साधारण ४ महिन्यांत होतात. आपल्याकडे सेशन बहुधा तासाभराचं असतं, त्यामुळे थोडी जास्त लागू शकतात. बाहेर जाऊन प्रयोग करायचे तर तास पुरत नाही, तेव्हा थेरपिस्टला मोठा वेळ मिळेल का ते आधीच विचारून ठेवा.

बाहेरचा प्रयोग म्हणजे काय, एखादं उदाहरण द्या ना

समजा एका मुलीला दुकानात भाव विचारून काही न घेता निघायची भीती वाटते, ती गिऱ्हाईक म्हणून आत गेली की काहीतरी विकत घेऊनच बाहेर येते, घरात नको असलेल्या कुर्त्यांचा ढीग पडलाय. आम्ही तुळशीबागेच्या बाजारात जातो. आधी अंदाज लिहायचा: "दुकानदार चिडून बोलेल आणि आजूबाजूचे वळून बघतील", किती टक्के खात्री? ती म्हणते ८०. मग कोणत्या युक्त्या सोडायच्या ते ठरवायचं: सॉरी म्हणायचं नाही, "नंतर येते" असं खोटं सांगायचं नाही, पुटपुटायचं नाही. लक्ष बाहेर ठेवायचं, दुकानदाराने शर्ट कोणत्या रंगाचा घातलाय ते येऊन मला सांगायचं. तिने कानातल्यांचे दोन जोड हातात घेऊन बघितले, भाव विचारला, "नको" म्हणाली आणि निघाली. दुकानदार तोपर्यंत पुढच्या बाईंना बांगड्या दाखवत होता. लगेच तिथेच उभं राहून लिहायचं: काय घडलं, किती जण वळले, आता खात्री किती. मग पुढच्या दुकानात परत, कारण एका दुकानावरून मन म्हणतं की तो माणूसच चांगला होता.

पुढे पुढे प्रयोग मुद्दाम अवघड करतात. गर्दीच्या पीएमपी बसमध्ये मोठ्याने विचारायचं ही स्वारगेटला जाते का, अमृततुल्यमध्ये चहा थोडा सांडायचा, बोलताना मुद्दाम मध्येच थांबून पाच सेकंद गप्प बसायचं, काखेत पाणी शिंपडून घामाचा डाग घेऊन लक्ष्मी रोडवर फिरायचं. अल्बर्ट एलिस, ज्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात बऱ्याच जणांना माहीत आहे, तेही मुद्दाम असे लाज वाटणारे व्यायाम करायला लावायचे. थेरपिस्टने हे आधी स्वतः करून दाखवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

आणि खरंच कोणी हसलं तर? पुण्यात लोक बोलायला कमी करत नाहीत

बरोबर आहे, आणि यावर "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणणारा थेरपिस्ट मला मान्य नाही. बीड, लातूर, यवतमाळहून इथे शिकायला आलेल्या मुलांना न-ण वरून, हेल काढून बोलण्यावरून हसलेले लोक मी बघितलेत. ती वागणूक चूक आहे आणि चूक हसणाऱ्याची आहे. थेरपीत तसंच म्हणायला हवं.

त्यानंतरचं काम वेगळं. अकरावीत वर्ग हसला ते आठ वर्षांनी मुलाखतीच्या पॅनेलसमोरही तसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहत असेल तर त्या जुन्या आठवणीवर बसून काम करावं लागतं. तेव्हाची खोली आणि आताची खोली यात काय काय वेगळं आहे ते एकेक करून शोधायचं, त्या आठवणीतल्या पोराला आज तुम्ही काय सांगाल ते त्याला सांगायचं. आणि आज कोणी टोमणा मारलाच तर काय बोलायचं याचीही तयारी करतो, "मी असंच बोलतो, समजलं ना तुम्हाला?" एवढं शांतपणे म्हणता येणं पुष्कळ असतं. ऑफिसात इंग्रजी खरंच कच्चं असेल तर क्लास लावा, पण इंग्रजी पक्कं झाल्यावर बोलेन असं ठरवून गप्प बसू नका, तीही युक्तीच आहे.

घाम, थरथर, चेहरा लाल होणं बंद होईल का?

कमी होतं, पण ते बंद करणं हे ध्येय ठेवलं की पहारा परत सुरू होतो. लाल झालो तरी बोलत राहता येतं, हे शिकायचं असतं. घामासाठी बोटॉक्स किंवा नस कापायचं ऑपरेशन करायचं का असंही विचारतात. सोशल अँग्झायटी असलेल्यांना घामासाठी हे उपचार देऊच नयेत असं नाइस स्पष्ट सांगते. हात सतत थरथरत असेल, अगदी एकटे असतानाही, तर एकदा डॉक्टरांना दाखवून थायरॉइड तपासून घ्या.

प्रसंग संपल्यावर रात्रभर तेच तेच आठवत राहतं, त्याचं काय?

हा आजाराचाच भाग आहे. अशा वेळी मन पुरावा म्हणून फक्त आपल्याला काय वाटलं होतं तेच घेतं, म्हणून प्रत्येक उजळणीत प्रसंग आणखी वाईट होत जातो. प्रयोगाची नोंद लगेच तिथल्या तिथे करायची ती यासाठीच. रात्री सुरू झालं की ओळखायचं, हां, हे ते चालू झालं, आणि उठून काहीतरी हाताने करायचं. मैत्रिणीला "मी विचित्र बोलले का गं?" असा मेसेज टाकायचा मोह होतो, तो टाळा. आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीचंही तसंच. प्रेझेंटेशनची तयारी करा, काय काय फसेल याची नको.

गोळ्या घ्याव्या लागतात का?

सगळ्यांना नाही. नाइसच्या सूचनांनुसार आधी वैयक्तिक सीबीटी, आणि ती नको असेल तर एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनसारखी औषधं. ती फक्त डॉक्टर लिहून देऊ शकतात, गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. सोबत डिप्रेशन असेल, किंवा घराबाहेरच पडवत नसेल तर औषधाने थेरपी सुरू करण्याइतकी ताकद येते, त्यात कमीपणा काही नाही. ओळखीच्या केमिस्टकडून झोपेच्या किंवा "टेन्शनच्या" गोळ्या घेणं मात्र कृपा करून थांबवा, त्यांची सवय लागते. दोन पेग घेतल्यावर मोकळं बोलता येतं हेही त्यातलंच, दारू ही सगळ्यात महाग पडणारी युक्ती आहे.

मेडिटेशन, विपश्यना, श्वासाचे व्यायाम पुरेसे नाहीत का?

एरवी करत असाल तर जरूर करा. पण एकट्या मेडिटेशनवर सोशल अँग्झायटीसाठी भिस्त ठेवू नका, आणि बोलायला उभं राहायच्या आधी लपून श्वास मोजत असाल तर तीही युक्तीच झाली.

पुण्यात कोणाकडे जायचं?

औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी डॉक्टर. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते, नंबर विचारायला संकोच करू नका. प्रशिक्षित समुपदेशकही सीबीटी करतात. फोनवर थेट विचारा: सोशल अँग्झायटीवर काम केलंय का, क्लिनिकबाहेर जाऊन प्रयोग करता का, फी किती. नुसतं बोलून मन मोकळं करायचं म्हणाले तर ते चांगलंच आहे, पण ती सीबीटी नाही.

खासगी परवडत नसेल तर ससूनला मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, नाव ऐकून घाबरू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जगायलाच नको असे विचार येत असतील तर हे पान बाजूला ठेवा आणि आत्ता लगेच तिथे फोन करा किंवा घरच्या कोणालातरी घेऊन जवळचं हॉस्पिटल गाठा.

माझी मुलगी दहावीत आहे, पाहुणे आले की खोलीतून बाहेर येत नाही. जबरदस्ती करावी का?

ओढून आणू नका आणि पूर्ण सोडूनही देऊ नका. "आमची जरा लाजाळूच आहे" असं तिच्यासमोर पाहुण्यांना सांगणं बंद करा. दुकानात, डॉक्टरकडे तिच्या वतीने उत्तर देणं हळूहळू कमी करा, कारण तुम्ही प्रेमाने करता पण तिची ती युक्ती बनते. छोटी गोष्ट तिच्याशी ठरवून घ्या, काकूंना पाणी नेऊन द्यायचं आणि दोन मिनिटं बसायचं, मग आत गेली तरी चालेल. शाळेत शिक्षकांशी बोला, न सांगता फळ्यापुढे उभं करू नका म्हणून. या वयातही सीबीटी चालते आणि आईवडलांनी थोडी सेशन सोबत केली तर बरं पडतं, गोळ्यांची घाई नको.

लग्न ठरायच्या वयातल्या मुलामुलींच्या घरच्यांनाही हेच सांगेन, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात गप्प बसली म्हणून नंतर सगळ्या नातेवाइकांत चर्चा करू नका. तिने ती मनात आधीच दहा वेळा केलेली असते.

किती फरक पडतो? परत उलटतं का?

२०१४ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीमध्ये १०१ चाचण्यांचं, १३ हजारांहून जास्त लोकांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं, त्यात वैयक्तिक सीबीटीचा परिणाम सगळ्यात चांगल्यांमध्ये दिसला. प्रत्येकाला सारखा गुण येत नाही, पण ज्यांना येतो त्यांच्यातल्या बहुतेकांचा थेरपी संपल्यावरही टिकतो. नवीन नोकरी, नवीन शहर, बाळंतपण अशा वेळी भीती डोकं वर काढते. तेव्हा जुनी वही काढायची, कोणती युक्ती परत शिरलीये ते शोधायचं आणि त्याच आठवड्यात एक प्रयोग करायचा.

थेरपिस्टला फोन करायचीच भीती वाटते, मग सुरुवात कशी करू?

फोन करू नका, मेसेज करा. "मला लोकांत बोलायची भीती वाटते, सीबीटीसाठी वेळ हवी आहे" एवढंच पाठवा, आम्हाला पुरतं. पहिल्या दिवशी बोलणं होणार नसेल तर सगळं कागदावर लिहून आणा आणि हातात द्या, मी वाचते आणि हो-नाही मध्ये उत्तरं देता येतील असे प्रश्न विचारते. पहिलं सेशन ऑनलाइन घेतलं तरी चालतं, पुढे मात्र कॅमेरा सुरू करू आणि नंतर प्रत्यक्ष भेटू. वेटिंग रूममध्ये ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर तेही मेसेजमध्ये लिहा, सकाळची पहिली वेळ मागून घ्या. आणि त्या दिवशी सकाळी रद्द करावंसं वाटणारच, तेव्हा रद्द करायच्या ऐवजी "यायला जड जातंय" असा मेसेज टाका आणि निघा.